वाट राखणारे

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया प्रांत सुरू होतो तिथे, डोंगरमाथ्यावर ओ सेब्रेइरो नावाचं चिमुकलं गाव आहे. उंची तेराशे मीटरच्या आसपास. मोजकी घरं, त्यातली काही गवताने शाकारलेल्या गोल छपरांची. चर्चच्या आवारात तिथल्या जुन्या पाद्र्यांचा अर्धपुतळा आहे. त्यांचं नाव एलियास वालिन्या. सान्तियागोच्या तीर्थयात्रेच्या जुन्या वाटेवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पण प्रबंध वाचून कोणाला वाट सापडत नाही, हेही त्यांना कळत होतं. म्हणून १९८४ साली त्यांनी आपल्या गाडीत पिवळ्या रंगाचे डबे टाकले आणि झाडं, दगड, गोठ्यांच्या भिंती, विजेचे खांब, जे समोर येईल त्यावर बाण रंगवत सुटले. रंग रस्त्याच्या कामातून उरलेला होता, असं म्हणतात. पिरेनीजमध्ये पोलिसांनी हटकलं तेव्हा "मोठ्या स्वारीची तयारी चाललीय" असं त्यांनी सांगितलं, ही गोष्ट वाटेवर दर दोन मुक्कामांनी कोणीतरी ऐकवतंच. १९८९ मध्ये ते वारले. त्या दशकात वर्षाकाठी जेमतेम काही हजार माणसं चालत सान्तियागोला पोहोचत होती. २०२४ साली जवळपास पाच लाखांनी तिथल्या कार्यालयात नाव नोंदवलं. स्वारी झाली खरी.

मी आणि माझी धाकटी नणंद, आम्ही दोघी या बाणांमागून चाललो. फ्रान्सच्या हद्दीतल्या सँ-जाँ-पिए-द-पोरपासून सान्तियागोपर्यंत, सुमारे ७८० किलोमीटर. ऑगस्टच्या शेवटी निघालो आणि ऑक्टोबर लागता लागता पोहोचलो. चालणाऱ्यांनी या वाटेबद्दल ढीगभर पुस्तकं लिहिली आहेत. त्यांत बहुतेकांना वाटेवर आपण स्वतःच सापडलेलो असतो. मला तसं काही झालं नाही. मला सापडत राहिली ती दुसरीच माणसं. पूल बांधणारी, पाव ठेवणारी, खाटा मांडणारी, संडास धुणारी. हजारेक वर्षं ही वाट त्यांनी राखली आहे आणि त्यातल्या कित्येकांना ती सलग चालायला सवडही मिळालेली नाही.

युरोपात चालत तीर्थाला जायच्या वाटा अनेक. इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला जाणारी व्हिया फ्रान्सिजेना आहे. ९९० साली आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतले तेव्हा त्यांच्या मुक्कामांची यादी लिहून ठेवली गेली, म्हणून ती आज आखता येते. नॉर्वेत संत ओलाफसाठी ट्रॉनहाइमला जातात. पण सगळ्यांत राबती वाट सान्तियागोची, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी जब्दीचा मुलगा याकोब याच्या समाधीची. नवव्या शतकाच्या सुरुवातीला पेलायो नावाच्या एका बैराग्याला रानात दिवे दिसले, बिशप तेओदोमिरो यांनी तिथे खणून थडगं शोधलं आणि अस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो दर्शनाला आला, अशी परंपरा. जेरुसलेममध्ये शिरच्छेद झालेल्या शिष्याची हाडं स्पेनच्या टोकाला कशी आली, याचं उत्तर दगडी होडी आणि देवदूत यांच्यावर सोपवलेलं आहे. पुढे १५८९ मध्ये इंग्रज सेनानी ड्रेक जवळच्या कोरुन्या बंदरावर चालून आला, तेव्हा आर्चबिशपांनी ती हाडं लपवली. इतकी नीट लपवली की पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ती कोणाला सापडली नाहीत. १८७९ मध्ये मिळाली. १८८४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ती खरी असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात लोक रिकाम्या जागेकडे चालत होते की काय, असं मी एका जर्मन सहप्रवाशाला विचारलं. तो खांदे उडवून म्हणाला, "वाट तर होती ना."

वाटेचं पहिलं मार्गदर्शक पुस्तक बाराव्या शतकातलं. 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखिताचा पाचवा भाग म्हणजे मुक्काम, नद्या, माणसं यांची जंत्री. लिहिणारा बहुधा फ्रेंच पाद्री, आणि भलताच चिडका. नावाडी लुबाडतात, अमुक नदीचं पाणी घोड्यांना पाजू नका, नवार प्रांतातली माणसं तर विचारूच नका. त्याचा राग वाचताना आजच्या हॉटेलांखालच्या एक-तारा शेऱ्यांची आठवण होते. हे हस्तलिखित २०११ मध्ये कॅथेड्रलमधून चोरीला गेलं आणि वर्षभराने तिथल्याच एका जुन्या इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजात सापडलं.

सँ-जाँच्या चढाच्या गल्लीत यात्रेकरूंचं कार्यालय आहे. टेबलामागे सगळे सेवाभावी, बहुतेक निवृत्त माणसं. तिथे घडीचं एक कार्ड मिळतं, क्रेदेन्सियाल. दर मुक्कामी त्यावर शिक्का घ्यायचा. हे कार्ड दाखवलं तरच यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, म्हणजे आल्बेर्गेत, खाट मिळते. आम्हाला शिक्का मारणाऱ्या बाईंनी नणंदेची सॅक एका हाताने उचलून पाहिली, खाली ठेवली आणि काही न बोलता डोकं हलवलं. नणंदेचं कोल्हापूरला औषधांचं दुकान. अर्धी सॅक तिच्या मते अत्यावश्यक औषधांची होती. दुसऱ्या दिवशी पिरेनीजचा बाराशे-साडेबाराशे मीटरचा चढ चढताना त्यातलं बरंच काही अनावश्यक ठरलं आणि रोन्सेस्वाल्येसच्या मठातल्या 'घ्या-ठेवा' टेबलावर गेलं. हा डोंगरी रस्ता नोव्हेंबर ते मार्च बंदच असतो. धुक्यात आणि बर्फात माणसं चुकतात, दगावतातही. म्हणून त्या दिवसांत खालच्या दरीतून जावं लागतं. रोन्सेस्वाल्येसची धर्मशाळा डच सेवेकरी सांभाळतात. दुपारी दारात उभं राहून त्यांनी आम्हाला बूट कुठे, काठ्या कुठे, कपडे कुठे वाळत घालायचे ते शिस्तीत सांगितलं. रात्री दहाला दिवे गेले, पहाटे सहाला कोणीतरी खाटांच्या रांगांमधून गात फिरू लागलं.

पाम्प्लोनाहून आम्ही बसने वाकडी वाट केली. मी मूळची सावंतवाडीची. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या भागातून, बेळगाव-खानापूरकडून माणसं जथ्याने चालत जुन्या गोव्याला जातात, ३ डिसेंबरच्या फेस्ताला, गोंयच्या सायबाच्या दर्शनाला. लहानपणी त्यांना रस्त्यावरून जाताना पाहिलेलं. त्या सायबाचं, फ्रान्सिस झेवियरचं, घर इथे नवारमध्ये आहे. हाविएरचा किल्ला. १५०६ साली तो तिथे जन्मला. दहा वर्षांचा असताना कास्तीलच्या हुकमाने किल्ल्याचे बुरूज पाडले गेले. आज दिसतो तो बराचसा पुन्हा बांधलेला. आतल्या छोट्या चॅपेलमध्ये अक्रोडाच्या लाकडाचा क्रूसावरचा येशू आहे आणि तो चक्क हसतो आहे. त्याच्या भोवतीच्या भिंतींवर नाचणारे सांगाडे रंगवलेले. मार्चमध्ये नवारभरातून माणसं चालत या किल्ल्याला येतात. म्हणजे एकाच माणसासाठी वर्षातून दोनदा, जगाच्या दोन टोकांना, लोक पायी निघतात. तिकीट खिडकीवरच्या मुलीला मी गोव्याच्या चालणाऱ्यांबद्दल सांगितलं. तिने विचारलं, किती किलोमीटर? सावंतवाडीहून सत्तर-पंचाहत्तर, म्हटलं. "मग आमच्यासारखंच," ती म्हणाली आणि पुढच्याचं तिकीट फाडलं. गोव्यात इन्क्विझिशन आणा असं पत्र याच झेवियरने पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं, हे किल्ल्यात मला तरी कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

पुन्हा वाटेवर. पुएन्ते ला रेइना या गावाला नावच मिळालंय ते पुलावरून. अकराव्या शतकात एका राणीने यात्रेकरूंसाठी बांधला. कुठल्या राणीने, यावर इतिहासकारांचं अजून जमलेलं नाही. कमानींचा हा दगडी पूल आजही पायांखाली आहे. नदीवर पूल नसला की नावाडी मनाला येईल तो दर सांगायचा, हे त्या चिडक्या पाद्र्याने लिहूनच ठेवलंय. पूल झाला आणि नावाड्यांचा धंदा बसला.

पुलांची खरी गोष्ट मात्र ला रिओहा प्रांतातल्या दोमिंगोची. १०१९ साली जन्मलेला शेतकऱ्याचा पोर. मठात घ्या म्हणून दोन मठांच्या पायऱ्या झिजवल्या, दोन्हीकडून नकार आला. मग रानात झोपडी बांधून राहिला. तिथून यात्रेकरू जात. जंगल, चिखल, ओहा नदीला पूल नाही. याने हातात विळा-कुऱ्हाड घेतली, जंगल तोडून फरसबंद रस्ता केला, पूल बांधला आणि आजाऱ्यांसाठी आसराही उभारला. ज्याला कुठल्या मठाने घेतलं नाही, त्याच्याभोवती गाव वसलं, सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा, म्हणजे फरसबंद रस्त्याचा संत दोमिंगो. तो ११०९ मध्ये वारला. स्पेनच्या रस्ते-पूल अभियंत्यांनी त्याला आपला संत मानलाय. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यालाही असा एखादा संत असता तर खड्ड्यांबद्दल निदान नवस तरी बोलता आला असता.

या गावच्या कॅथेड्रलमध्ये कोंबडा-कोंबडीची जिवंत जोडी राहते. भिंतीत उंचावर कोरीव दगडी चौकट, आत जाळी, मागे दिवा, आणि त्यात पांढरीशुभ्र पाखरं. गोष्ट अशी: आईबापांबरोबर निघालेल्या एका जर्मन तरुणावर खाणावळीतली पोरगी भाळली, याने नाही म्हटल्यावर तिने त्याच्या पिशवीत चांदीचा पेला टाकला आणि तो चोर म्हणून फासावर गेला. आईबाप सान्तियागो करून परतले तर पोरगा फासावर जिवंतच, संताने खालून पाय धरलेले. न्यायाधीश जेवायला बसला होता. तो म्हणाला, तुमचा मुलगा जिवंत असेल तर ताटातली ही भाजलेली कोंबडीही जिवंत आहे. ती उठली आणि आरवली. पाखरांची जोडी दर काही आठवड्यांनी बदलतात. आम्ही उभ्या होतो तेव्हा कोंबडा खणखणीत आरवला आणि सगळ्या कॅथेड्रलमध्ये मोबाइल वर झाले. नणंदेने मात्र निराळंच विचारलं, "वहिनी, खालचा पाला कोण बदलतं हो? शिडी लावावी लागत असेल."

दोमिंगोने सुरू केलेल्या आसऱ्याच्या जागी आज सरकारी पर्यटन हॉटेल आहे, पारादोर. बरंच महागडं. ते आम्ही फक्त बाहेरून पाहिलं आणि पुढच्या ग्रान्योन गावी गेलो. तिथल्या चर्चच्या घंटाघरात, दगडी जिन्याने वर गेलं की यात्रेकरूंची सोय. खाटा नाहीत, जमिनीवर गाद्या. दाराशी एक उघडी लाकडी पेटी. जमेल ते ठेवा, गरज असेल ते घ्या, अशा अर्थाची पाटी. संध्याकाळी कांदे चिरायला, ताटं मांडायला सगळ्यांना बसवलं. त्या रात्री मसुराची आमटी होती. आमच्यासाठी सेवेकरी बाईंनी त्यात सॉसेज टाकायच्या आधीच दोन वाट्या काढून ठेवल्या. त्यांना आम्ही काही सांगितलंही नव्हतं. यादीत 'इंडिया' वाचून त्यांनीच विचारलं. शाकाहारी माणसाला स्पेनमध्ये ही केवढी चैन आहे, ते चाललेल्यालाच कळेल. 'बोकादियो वेहेताल' म्हणजे भाजीचा पाव म्हणून मागवावा, तर आत हमखास ट्यूना माशाचा थर निघतो. अंडं खाणारी नणंद बटाट्याच्या तोर्तिय्यावर तरली. मी बहुतेक दिवस पाव, चीज, टोमॅटो आणि पीच यांवर काढले.

बुर्गोसच्या पुढे मेसेटा लागतं, कास्तीलचं उंच माळरान. कापलेल्या गव्हाची पिवळी खुंटं क्षितिजापर्यंत, सावली नाही. बरेच जण हा टप्पा बसने टाकतात. मला तो सगळ्यांत आवडला, कारण इथे बघण्यासारखं काही नसल्यामुळे वाट राखणाऱ्यांच्या खुणाच तेवढ्या दिसतात. कास्त्रोहेरिसच्या आधी सान आन्तोनच्या मठाचे अवशेष आहेत. रस्ता अजून त्याच्या कमानीखालून जातो. हे मठवासी 'संत अँथनीची आग' या रोगावर उपचार करत. हातापायांची आग व्हायची, बोटं काळी पडून गळायची. कारण होतं राय धान्यावरची बुरशी. उत्तरेतल्या लोकांचं मुख्य धान्य राय. चालत चालत ते कास्तीलमध्ये आले की गव्हाचा पाव खायला लागत आणि पुष्कळांना उतार पडे. श्रेय संताला मिळे. कमानीखाली भिंतीत दोन कोनाडे आहेत. रात्री दार बंद झाल्यावर उशिरा येणाऱ्यांसाठी मठवासी त्यात पाव ठेवत. मी हात घालून पाहिला. आत यात्रेकरूंनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग होता आणि एका कोपऱ्यात कोणी ठेवलेलं केळं.

आता सान निकोलासबद्दल. पिसुएर्गा नदीच्या अलीकडे, शेतांच्या मध्ये एकटी उभी असलेली तेराव्या शतकातली दगडी इमारत. इटलीतल्या पेरूजा गावचं एक यात्रेकरू-मंडळ ती चालवतं. लांबट दालन. एका टोकाला डझनभर खाटा, मध्ये लांब टेबल, दुसऱ्या टोकाला वेदी. दालनात वीज नाही, मेणबत्त्या. जेवणाआधी सेवेकऱ्यांनी आम्हा सगळ्यांना वेदीपाशी अर्धवर्तुळात बसवलं आणि एकेका पायातला मोजा काढायला सांगितलं. दोघे सेवेकरी, दोघांच्या खांद्यांवर शिंपले शिवलेली आखूड काळी अंगरखी. एकाच्या हातात पितळी घंगाळ, दुसऱ्याच्या हातात सुरई. घंगाळवाले गृहस्थ सत्तरीचे असावेत. ते पहिल्या माणसासमोर गुडघ्यांवर बसले, पायावर पाणी ओतलं, पंचाने पुसलं आणि वाकून पायाचं चुंबन घेतलं.

माझा नंबर पाचवा. मला घाम फुटला. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी! लहानपणापासून चुकून कोणा मोठ्याला पाय लागला तरी लगेच हात लावून नमस्कार केलेला. इथे तर ते खाली बसलेले आणि मी बाकावर. मी पाय मागे ओढायला लागले तशी नणंद मराठीत दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, पाय मागे घेऊ नका. त्यांना वाईट वाटेल." मी डोळे मिटले. गार पाणी पडलं, पंचा लागला, मिशा टोचल्या. झालं. पुढे नणंद. तिच्या उजव्या पायाला फोडांची पट्टी. त्यांनी ती पाहिली, हसून दुसरा पाय पुढे करायला सांगितलं, आणि पट्टीकडे निरखून बघत काहीतरी पुटपुटले. जेवताना कळलं, पट्टी चुकीची लावलीय असं त्यांचं म्हणणं होतं. औषधवाल्या बाईला हे रुचणारं नव्हतं. मग पास्त्यावर अर्धा तास फोड या विषयावर चर्चा: सुई-दोरा ओवून पाणी काढावं की काढू नये. हे गृहस्थ दोऱ्याच्या बाजूचे, नणंद कट्टर विरोधात, आणि दुभाषी म्हणून मध्ये एक कोरियन शिक्षिका जिला दोन्ही भाषा अर्ध्याच येत होत्या.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले. दरवर्षी पंधरा दिवसांसाठी इथे येतात, स्वतःच्या खर्चाने. पगार नाही. मी पहाटे उठले तेव्हा ते मागच्या बाजूला हातात रबरी मोजे घालून संडास घासत होते. रात्री पाय धुणारे आणि पहाटे संडास धुणारे हात तेच. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी पाहतेय म्हटल्यावर त्यांनी बादलीकडे बोट दाखवून विचारलं की गरम पाणी हवंय का.

घरी फोन केला की सगळे म्हणत, "म्हणजे स्पेनची वारीच की." मला हे पटत नाही. वारीत माणूस दिंडीचा असतो. तिथी ठरलेली, मुक्काम ठरलेले, मुखी अभंग, मागेपुढे आपलीच माणसं. इथे माणूस एकटा निघतो, हवं तेव्हा निघतो, भजन-कीर्तन नाही, आणि शेजारच्या खाटेवर घोरणारा माणूस उद्या दिसेल की नाही याची खात्री नाही. साम्य असलंच तर ते चालणाऱ्यांत नाही. वारीच्या वाटेवर भल्या पहाटे पिठलं-भाकरी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका आणि ग्रान्योनच्या त्या मसूर शिजवणाऱ्या बाई, यांना एकमेकींची ओळख करून द्यावी लागली नसती.

कारिओन गावी ऑगस्टिनियन जोगिणींची धर्मशाळा आहे. संध्याकाळी त्या गिटार घेऊन येतात, गाणी म्हणतात, आणि तुम्ही कुठून, का चालताय ते विचारतात. दुसऱ्या दिवशीच्या सतरा किलोमीटरांत एकही गाव नाही. पाण्याचा भरवसा नाही. पायाखालचा रस्ता मूळचा रोमनांनी बांधलेला, सरळ, इतका सरळ की तासाभराने मागे वळून पाहिलं तरी निघालो ते झाड दिसत राहतं.

लेओन, अस्तोर्गा, क्रूस दे फेर्रो हे टप्पे प्रत्येकाच्या वर्णनात येतात, मी ते सोडते. विय्याफ्रांका गावचं एक दार मात्र सांगायला हवं. तिथल्या सान्तियागो चर्चला 'क्षमेचं दार' आहे. डोंगर चढायची ताकद उरली नाही अशा आजारी यात्रेकरूला या दारातच पूर्ण यात्रेचं पुण्य मिळे. नियम करणाऱ्यांनी नियमातून सुटका मिळायची सोय आधीच केली होती. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

आजचे नियम इतके दिलदार नाहीत. प्रमाणपत्रासाठी, त्याला कोम्पोस्तेला म्हणतात, किमान शंभर किलोमीटर चालावं लागतं, सायकलवाल्यांना दोनशे. म्हणून शंभराच्या थोड्या अलीकडच्या सारिया गावातून गर्दीचा लोंढा सुरू होतो. साधारण दर तिघांतला एक तिथूनच निघतो. शाळांच्या सहली, पाठीवर पाण्याच्या बाटलीएवढीच पिशवी आणि सामान टॅक्सीने पुढे. महिनाभर वाळलेले जुने चालणारे त्यांच्याकडे नाक मुरडून बघतात. मीही बघितलं. पण यात एक व्यवहार आहे: गॅलिसियातली ही खेडी ओस पडत चालली होती, आज दर दोन-तीन किलोमीटरवर चहा-कॉफीचं एखादं दुकान उघडं आहे ते याच पोरांमुळे. पोर्तोमारिन गाव तर सगळंच हललेलं आहे. १९६०च्या दशकात मिन्यो नदीवर धरण आलं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. किल्ल्यासारखं दिसणारं चर्च दगड दगड सुटा करून वरच्या टेकडीवर पुन्हा उभारलं. भिंतीशी जाऊन पाहिलं तर दगडांवर घातलेले आकडे अजून वाचता येतात. कोयना-उजनीच्या बुडिताची हकीगत ऐकून असलेल्या माणसाला तिथे उभं राहून बरंच काही विचारावंसं वाटतं.

सान्तियागोच्या कॅथेड्रलपुढचा चौक दुपारी माणसांनी भरलेला असतो. कोणी रडतं, कोणी सायकली डोक्यावर उचलून फोटो काढतं, बाकीचे फरशीवर आडवे. आत शिल्पकार मातेओचं 'वैभवाचं द्वार' आहे, ११८८ सालचं. त्याबद्दल लिहायला मी अपुरी आहे. दुसरं एक शिल्प सांगते. याकोब घोड्यावर, हातात तलवार, घोड्याच्या टापांखाली मुसलमान सैनिक. मध्ययुगातल्या युद्धांत संताचा हा अवतार फार चालला. त्याला नावच 'मूरमाऱ्या'. आज त्या सैनिकांची डोकी फुलांच्या ताटव्याने झाकून ठेवलेली असतात. झाकणाऱ्याला लाज वाटली की फक्त वाद नको होता, हे फुलांवरून कळत नाही. ज्या संताच्या नावाने पूल बांधले गेले, त्याच्याच नावाने माणसं कापली गेली. दोन्ही त्याच शतकांतलं.

कार्यालयात यात्रेचं कारण विचारतात: धार्मिक, आध्यात्मिक की इतर. 'इतर' लिहिलं तर निराळं प्रमाणपत्र. आम्ही दोघींनी 'आध्यात्मिक' लिहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं नाही. नावं लॅटिनमध्ये लिहून देतात. आमची दोघींची नावं तपासून टेबलामागच्या तरुणाने हात टेकले आणि आहे तशीच लिहिली. त्याच्या शर्टावरही सेवेकऱ्याचा बिल्ला होता. चौकातल्या एका बाजूला स्पेनच्या राजाराणीने पंधराव्या शतकाच्या शेवटी यात्रेकरूंसाठी काढलेलं इस्पितळ आहे. तेही आता पारादोर. पंचतारांकित.

म्हणून जाणाऱ्यांना एकच विनंती. वाटेवर अजून काही धर्मशाळा अशा आहेत, जिथे दर नाही, फक्त पेटी असते. 'दोनातिवो' असा शब्द दारावर दिसेल. त्याचा अर्थ फुकट असा लावणारे पुष्कळ भेटतात, त्यांत पाठीवर महागड्या सॅक असलेलेही. तुम्ही रात्री जेवता ते काल आलेल्यांनी पेटीत टाकलेल्या पैशांतून आणलेलं असतं, आणि उद्याचं तुम्ही टाकाल त्यातून येतं. पेटी रिकामी राहिली की ती जागा एक तर बंद होते, नाही तर कोणीतरी तिचं हॉटेल करतं. तेव्हा शेजारच्या खासगी आल्बेर्गेत खाट आणि जेवणाला जे द्याल, निदान तेवढे युरो निघताना त्या पेटीत टाका. आणि चालून झाल्यावर पुढच्या एखाद्या वर्षी पंधरा दिवस हातात असतील, तर तिथे सेवेकरी म्हणून नाव घाला. स्वतः चाललेलं असावं आणि आधी थोडं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आमच्या नणंदेने चौकशी केली आहे. फोडांच्या बाबतीत तिला अजून काही जणांशी बोलायचं आहे.